तंजावरची बाळंतीण : छत्रात आणि शेतात

तंजावरला जाणारा मराठी प्रवासी सामान्यतः तीन गोष्टी पाहून परततो. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले कुळाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख, सरस्वती महालातील मोडी कागदपत्रे आणि राजवाड्यातील दरबार. एवढे पाहिले की आपल्या माणसांनी इतक्या दूर येऊन केवढा संसार मांडला, या विचाराने त्याचा ऊर भरून येतो. तो अभिमान सर्वस्वी योग्यच आहे. नोकरीनिमित्त देशभर फिरलेल्या आमच्यासारख्यास तर परमुलखात मराठी अक्षर दिसले की गावचा माणूस भेटल्यासारखे वाटते. परंतु मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आम्हांस वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे ते एका लहानशा तपशिलाकडे. तो शिलालेखात नाही, एका पत्रात आहे. आणि त्याचा संबंध राजवंशाशी नसून बाळंतिणींशी आहे.

१७९९ च्या तहाने तंजावरचा मुलकी कारभार ईस्ट इंडिया कंपनीने आपल्याकडे घेतला. किल्ला आणि राजपद तेवढे सरफोजीराजांकडे उरले. राज्य गेल्याचे दुःख होतेच, पण राजांना दुसरी एक काळजी होती. रामेश्वरच्या यात्रामार्गावर भोसल्यांनी बांधलेल्या छत्रांचे आता काय होणार? नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र, मीमिसलचे राजकुमारांबाळ छत्र, मणमेलकुडीचे द्रौपदांबाळ छत्र, आणि स्वतः सरफोजीराजांनी ओरत्तनाडू येथे वसविलेले मुक्तांबाळ छत्र. ही सर्व नावे स्त्रियांची आहेत, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. या छत्रांची व्यवस्था आपल्याच हाती राहावी म्हणून राजांनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटास पत्र लिहिले आणि तेथे काय काय होते ते सविस्तर कळविले. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत प्रत्येक वाटसरूस अन्न मिळते. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी जेवावयाचा राहिला आहे काय, हे विचारले जाते. वैद्य आहेत, शिक्षक आहेत. पोरक्या मुलांचे पालनपोषण होते, त्यांना दर चौथ्या दिवशी तेल लावून न्हाऊ घातले जाते. आणि याच यादीत पुढे येते की, गर्भवती स्त्री छत्रात प्रसूत झाली तर तिचा खर्च छत्र करते, तिला औषध मिळते, आणि प्रसूतीनंतर तीन महिने तिला तेथे राहण्याची मुभा असते.

तीन महिने! आमच्या आज्या-पणज्यांच्या हिशेबात बाळंतिणीचा सव्वा महिना असे. शेक-शेगडी, धुरी, बाळंतशेपा, डिंकाचे लाडू आणि अंधारी खोली, एवढ्या सामग्रीवर घरची सून पुन्हा चुलीशी उभी राही. केंद्र सरकारच्या सेवेत आम्ही दाखल झालो त्या काळी स्त्री कर्मचाऱ्यास प्रसूतिरजा मिळे ती नव्वद दिवसांची, म्हणजे तेच तीन महिने. ती १९९७ साली १३५ दिवसांची आणि २००८ पासून १८० दिवसांची झाली. ज्या मुदतीपर्यंत सरकारी नियमावली विसाव्या शतकात पोहोचली, ती मुदत तंजावरच्या छत्रात १८०१ पूर्वीच रूढ होती. मराठी माणसाने त्या शिलालेखाइतकाच या ओळीचाही अभिमान बाळगावा, असे आमचे मत आहे.

मात्र अभिमान बाळगणाऱ्याने छत्राच्या पंगतीतून उठून मागील दाराने शेताकडेही जावयास हवे. वाटसरूला वाढलेला तो भात पिकवीत कोण होते?

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात जमीन मोठ्या मिरासदारांची, आणि कष्ट ‘पण्णैयाळां’चे, म्हणजे जमिनीला बांधलेल्या मजूर कुटुंबांचे. ही कुटुंबे बहुतांशी अस्पृश्य मानलेल्या जातींची होती. १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची मान्यता काढून घेतली, तरी कर्जाने आणि झोपडीच्या जागेने बांधलेली ही माणसे शंभर वर्षे जवळजवळ तशीच राहिली. पण्णैयाळ पुरुषाची मजुरी वर्षाच्या कराराने ठरे. त्याच्या बायकोला मात्र लावणी, निंदणी आणि कापणी यांतील कामाच्या दिवसांचेच भात मापून मिळे. माप ‘मरक्काल’चे. बाई ज्या दिवशी बांधावर आली नाही, त्या दिवशीचे माप नाही. छत्रातील तीन महिने वाटसरू स्त्रीसाठी होते. त्याच गावच्या कुडाच्या झोपडीत बाळंत झालेल्या मजुरणीसाठी तशी कोणतीच तजवीज नव्हती.

शेतीशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी या कामाचे स्वरूप थोडे सांगितले पाहिजे. त्रिभुज प्रदेशातील भाताची रोपे महिनाभराच्या आत वाफ्यातून उपटून चिखलात लावावी लागतात. रोप जून झाले की त्याला फुटवे कमी येतात आणि उत्पन्न घटते. १९३४ साली मेट्टूरचे धरण पूर्ण झाल्यानंतर जूनच्या १२ तारखेस पाणी सोडण्याची वहिवाट पडली आणि ‘कुरुवै’ पिकाची लावणी त्या पाण्याच्या मागोमाग, सगळ्या गावांत जवळजवळ एकाच वेळी होऊ लागली. पुढे ‘सांबा’ आणि ‘ताळडि’ यांच्या लावण्या. लावणी हे स्त्रियांचेच काम. घोटा-पोटरीभर पाण्यात कमरेतून वाकून, मागे मागे सरत, रांगेने गाणी म्हणत त्या रोपे रोवीत जातात. ते दृश्य चित्रात मोठे मनोहर दिसते. ज्या बाईची कूस पंधरा दिवसांपूर्वी रिकामी झाली आहे, तिच्या कमरेला विचारावे. वर्षातील सर्वाधिक मजुरीचे दिवस हेच असल्यामुळे ते चुकवणे घराला परवडत नाही, आणि मालकाला तर एकही हात कमी चालत नाही. बाळाच्या जन्माची वेळ मात्र कालव्याचे वेळापत्रक पाहून ठरत नाही.

(तमिळ घरांत आडि महिन्यात नवविवाहितेला माहेरी नेण्याची रीत आहे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात बाळंतपण येऊ नये म्हणून ती पडली, असे सांगतात. उन्हाचा विचार झाला, पण लावणीचा विचार करून कोणी रीत पाडल्याचे आमच्या ऐकिवात नाही.)

मग बाळाचे काय? जुन्या लुगड्याची झोळी, जिला तमिळमध्ये ‘तूळि’ म्हणतात, ती कालव्याकाठच्या झाडाला बांधायची आणि सहा-सात वर्षांच्या थोरल्या बहिणीला झोका देत बसवायचे. बाळ रडले की आईचे लक्ष रांगेतून उडे. पण रांग मोडून पाजायला जाणे कारभाऱ्याच्या मर्जीवर. यावरून बोलणी आणि मार खाल्ल्याच्या आठवणी तेथील चळवळीच्या कथनांत वारंवार येतात.

हिरकणीची आख्यायिका ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. दूध विकायला रायगडावर गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली घरी भुकेले तान्हे मूल आणि अंधारात तिने उतरलेला तो कडा. आज महाराष्ट्रातील बसस्थानकांवरील स्तनपानाच्या खोलीस ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात, हे नाव ज्याने सुचविले त्याचे कौतुक केले पाहिजे. परंतु आम्हांस नेहमी वाटते की, त्या कथेतील आईच्या धैर्याचे गुणगान करताना एक साधी गोष्ट निसटते. तान्हे मूल घरी टाकून ती गडावर आली होती, कारण दूध त्याच दिवशी विकले गेले पाहिजे होते. तंजावरच्या बांधावर कडा नव्हता एवढेच. दरवाजा बंद करणारे हात तेथेही होते.

हा दरवाजा किलकिला झाला तो १९४३-४४ मध्ये. कर्नाटकातून आलेले बी. श्रीनिवासराव यांनी मन्नारगुडीजवळील तेनपरै येथून शेतमजुरांची संघटना बांधली. त्यांच्यासोबत मणलूरच्या मणियम्माळ होत्या, ज्या ब्राह्मण कुटुंबातील विधवा असून धोतर-सदरा घालून मजूरवस्त्यांतून हिंडत. १९४४ साली मन्नारगुडीस झालेल्या करारात चाबकाने मारण्याची आणि शेणाचे पाणी पाजण्याची शिक्षा बंद करण्याचे मालकांनी मान्य केले. असा करार करावा लागला यावरूनच पूर्वस्थितीची कल्पना यावी. १९५२ साली राजाजींच्या मंत्रिमंडळाने पण्णैयाळांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यानंतर अनेक मालकांनी कायमचे गडी कमी करून रोजंदारीची माणसे घेण्यास सुरुवात केली. २५ डिसेंबर १९६८ रोजी कीळवेणमणि गावात मजुरीच्या तंट्यातून एक झोपडी पेटविण्यात आली आणि तीत आसऱ्याला गेलेली ४४ माणसे जळून मेली. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. १९६९ मध्ये मजुरीचे दर ठरविणारा कायदा आला. या सर्व लढ्यांत मजुरीचे माप वाढले. पण बाळंतिणीची रजा या कायद्यांत कोठेही आढळत नाही, कारण रोजंदारीत रजा ही कल्पनाच बसत नाही.

तोवर गिरणीतील बाईला हा हक्क मिळून चाळीस वर्षे झाली होती, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा होता. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात यासंबंधी विधेयक आणले; ते फेटाळले गेले. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतिसाहाय्याच्या विधेयकास पाठिंबा देताना, बाळंतपणापूर्वी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा भार सरकारनेही उचलावा, असा युक्तिवाद केला. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला, १९३४ मध्ये मद्रास इलाख्यात, आणि १९६१ मध्ये सर्व देशासाठी. १९६१ च्या कायद्याने बारा आठवड्यांची भरपगारी रजा दिली, प्रसूतीनंतर सहा आठवडे बाईला कामावर घेण्यास मनाई केली, आणि मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी ठेवली. २०१७ च्या दुरुस्तीने बारा आठवड्यांचे सव्वीस झाले. मात्र कायद्याला लागतो कारखाना, खाण, मळा किंवा दुकान, ज्याला नोंदवही आणि हजेरीपट आहे. भाताच्या खाचरात आज या मालकाकडे, उद्या त्या मालकाकडे जाणारी बाई कोणाच्या हजेरीपटावर असणार? मुंबईच्या गिरणगावात कोकणची बाई जे मिळवू शकली, ते तिच्या कोकणातील भात लावणाऱ्या बहिणीला मिळाले नाही. मग कावेरीकाठी कोठून मिळणार?

तमिळनाडू सरकारने १९८७ साली या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. मालकास वगळून सरकारनेच गरीब गर्भवतीस रोख साहाय्य द्यावयाचे, म्हणजे तिचा बुडालेला रोज भरून निघेल आणि पोटात चार घास जातील. योजनेला नाव दिले ते डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचे. तंजावरशेजारच्या पुदुकोट्टैत १८८६ साली जन्मलेल्या या डॉक्टर पुढे मद्रास कायदेमंडळाच्या उपाध्यक्षा झाल्या. साहाय्याची रक्कम २००६ मध्ये ६,००० रुपये, २०११ मध्ये १२,००० आणि २०१८ मध्ये १८,००० रुपये झाली. सरकारी फायलींमध्ये आयुष्य गेलेल्या आम्हांस योजनेतील हप्ते, अटी आणि दाखले यांचे जंजाळ कळते. हप्ता लावणीनंतर हाती पडला तर लावणीच्या दिवसांत तो बाईला घरी ठेवू शकत नाही, हेही कळते. तरीसुद्धा, मजुरणीच्या बाळंतपणाचा खर्च ही समाजाची जबाबदारी आहे हे येथे कागदावर आले, आणि आमच्या मते छत्राच्या परंपरेशी याचे नाते कोणत्याही कारखाना-कायद्यापेक्षा जवळचे आहे.

उरला प्रश्न झोळीपाशी बसलेल्या त्या थोरल्या बहिणीचा. ताराबाई मोडक यांनी तो १९४५ पासून बोर्डीस आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर ओळखला होता. धाकट्याला सांभाळण्यासाठी मुली शाळेत येत नाहीत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच आवारात आणली. १९७५ मध्ये अंगणवाड्या सुरू झाल्या. पण तेथे बसवून घेतात ते मुख्यतः तीन वर्षांपुढील मुलांना. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात सहा वर्षांखालील पाच मुले कामावर असली तर त्यांना पाहण्यास एक बाई नेमण्याची तरतूद केली गेली. ती सरकारी कामापुरती, खासगी खाचरासाठी नव्हे. तीन महिन्यांचे ते तीन वर्षांचे मूल बहुतेक याद्यांतून सुटते.

आपल्या मंडळातील तरुण सुनांना हा काळ चांगला परिचित आहे. सव्वीस आठवडे संपत आले की गावाकडून आजीला आणण्यासाठी रेल्वेचे तिकीट काढले जाते. आजी थकल्या की मावशी. मावशी नसल्या की शेजारच्या काकूंना गळ घातली जाते. मंडळाच्या सभागृहाचा दुपारचा वेळ अशा मुलांसाठी द्यावा, ही सूचना कार्यकारिणीपुढे अधूनमधून येते आणि जागेच्या व विम्याच्या चर्चेत मागे पडते. कावेरीच्या गावांत आता लावणीची यंत्रे आली आहेत, काही शेतांत भात थेट पेरतात; त्यामुळे बाईच्या वाट्याचे लावणीचे दिवस कमी झाले. ज्या वर्षी मेट्टूरला पाणी नसते त्या वर्षी कुरुवैची लावणीच होत नाही, आणि बाळंतीण घरीच असते, मजुरीविना. पाणी आले की मात्र भल्या सकाळी डोक्यावर रोपांची जुडी आणि काखेत तान्हे मूल घेऊन बायकांची रांग कालव्याच्या बांधावरून निघते, आणि सर्वांत पुढे, झोळीचे लुगडे खांद्यावर टाकून, एखादी सात वर्षांची मुलगी चालत असते.