झोनार आणि प्लानर

झोनार आणि प्लानर या जर्मनीतील कार्ल झाइस कंपनीत विकसित झालेल्या छायाचित्रण भिंगांच्या दोन रचना आहेत. ३५ मिमी कॅमेऱ्यांच्या मोठ्या छिद्राच्या ५० मिमी भिंगांवर या दोन्हींचा मोठा प्रभाव आहे.

रचना

पाउल रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये रचलेल्या प्लानरमध्ये सहा घटक भिंगे चार गटांत सममित मांडलेली असून हवेशी संपर्क असणारे आठ पृष्ठभाग आहेत. लेप नसलेला प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ ते ५ टक्के प्रकाश परावर्तित करत असल्याने चित्र फिके दिसे. लुडविग बेर्टेले यांनी कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी १९३२ मध्ये रचलेल्या झोनार एफ/१.५ मध्ये सात घटक तीन गटांत चिकटवून हे पृष्ठभाग सहावर आणले. त्यामुळे छायाप्रकाशातील भेद ठळक राहिला.

प्रतिमेचे स्वरूप

पूर्ण उघड्या छिद्रावर झोनारमध्ये काही गोलीय विपथन शिल्लक राहते. त्यामुळे तपशील किंचित मऊ दिसतात, पार्श्वभूमी हळुवार विरघळते आणि छिद्र लहान करताना फोकस सरकतो. प्लानर प्रकारात स्पष्टता कडांपर्यंत अधिक एकसारखी असते. मात्र पार्श्वभूमीतील प्रकाशबिंदूंना ठळक कडा येऊ शकतात.

प्रसार

झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये विकसित केलेल्या परावर्तनरोधक लेपामुळे प्लानरची मुख्य अडचण दूर झाली. याउलट, झोनारचा मागील घटक फिल्मच्या फार जवळ येत असल्याने एसएलआर कॅमेऱ्यातील आरशासाठी जागा उरत नाही. परिणामी, अशा कॅमेऱ्यांच्या ५० मिमी भिंगांत प्लानर प्रकार रूढ झाला.