परवाना होडीला, मग हक्क कुणाचा? मिरकरवाड्याच्या निमित्ताने

समुद्राला सातबारा नाही. जमिनीच्या हक्कांवर संशोधन करणाऱ्याला कूळकायदा, फेरफार, दावे असे कागद तरी सापडतात. मासेमारीत मात्र हक्क पाण्यावर आहे, माशावर आहे की होडीवर, इथूनच सुरुवात करावी लागते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराकडे मी या प्रश्नासाठी बघतो.

संविधानाचं कलम 39 (ख) सांगतं की समाजाची भौतिक साधनसंपत्ती सर्वांच्या हिताची ठरेल अशी वाटली जावी. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते, त्यामुळे इथे हे 'वाटणं' राज्याचं काम. 1970 च्या दशकात यांत्रिक ट्रॉलरमुळे किनाऱ्यावर संघर्ष पेटला; गोव्यात रापणकार रस्त्यावर उतरले. केंद्राने मजुमदार समिती नेमली, नमुना विधेयक आलं आणि त्यातून महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981 झाला. या कायद्याचं चौथं कलम जरूर वाचा. मत्स्यसाठ्याचं जतन आणि समुद्रातली सुव्यवस्था यांच्या जोडीला पारंपरिक साधनांनी मासेमारी करणाऱ्यांच्या हिताचं रक्षण करण्याची गरजही तिथे स्पष्ट लिहिली आहे. म्हणजे सगळ्या जाळ्यांना एकाच मापाने मोजायचं नाही, हे कायद्यानेच मान्य केलं.

आता पर्ससीन. बांगड्याचा किंवा तारलीचा थवा दिसला की मोठं जाळं त्याला वेढा घालतं आणि बटव्याची नाडी ओढावी तसा जाळ्याचा तळ आवळला जातो. एका फेरीत जे मिळतं ते छोट्या होडीला कितीतरी दिवसांत मिळत नाही. केरळने आपल्या सागरी हद्दीत पर्ससीनवर बंदी घातली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1993 च्या जोसेफ अँटनी निकालात न्यायालयाने पारंपरिक मच्छीमारांच्या उपजीविकेला झुकतं माप देऊन बंदी ग्राह्य धरली. व्यवसायस्वातंत्र्य आहेच, पण दुसऱ्याच्या ताटातला घास ओढण्याइतकं नाही, असा माझ्या शब्दांत त्याचा अर्थ.

महाराष्ट्राने मधला रस्ता धरला. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने पर्ससीनला 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर एवढाच हंगाम दिला आणि परवाने टप्प्याटप्प्याने 182 वर आणायचं ठरवलं. 2021 च्या दुरुस्तीने दंड लाखांत गेला. पर्ससीनवाल्यांची बाजू हसण्यावारी नेऊ नका. नौकेवर कर्ज असतं, खलाशांना पगार द्यायचा असतो आणि परराज्यातल्या वेगवान नौका तर येतच राहतात; मग चार महिन्यांत भागवायचं कसं, असं ते विचारतात. ट्रॉलर आले तेव्हा रापणकार विचारत होते तोच हा प्रश्न, फक्त तोंडं बदलली!

संशोधकाने खरं थांबायचं ते इथे. या वादात दोन्हीकडून बोलतो तो होडीचा मालक, कारण परवाना होडीला मिळतो आणि डिझेलवरच्या कराचा परतावाही सहकारी संस्थेमार्फत होडीमालकापर्यंत पोचतो. रापण हाताने ओढली जाते. तिला परतावा कशाचा? रत्नागिरीच्या नौकांवर कितीतरी खलाशी नेपाळहून आलेले असतात. लिलावात टोपली घेऊन डोक्यावरून गावोगाव मासे विकणारी बाई कायद्याच्या लेखी 'मासेमारी करणारी' ठरत नाही. परवान्याचा कागद वाचून 'न्याय झाला का' विचारलं की उत्तर दोन प्रकारच्या मालकांपुरतंच येतं.

म्हणून विषय 'पर्ससीन विरुद्ध पारंपरिक' असा बांधण्याआधी एका नौकेचा एका हंगामाचा हिशेब मांडून बघा: डिझेल, बर्फ, मालकाचा वाटा, तांडेलाचा वाटा, खलाशाचा पगार, दलालाची उचल. मग एका विक्रेतीचा तसाच हिशेब तिच्याशेजारी बसून लिहा. तिचा कागद सरकारी दप्तरात शोधायला जाऊ नका, तो तिच्या तोंडीच असतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा या प्रत्येकाच्या घरी पैसा कुठून येतो, हेही त्यात येऊ द्या.