सेव्हन्थ ॲव्हेन्यूच्या तळघरात

५ डिसेंबर २०१०, रविवारची रात्र. न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथवरचं लाल दार तुम्ही ढकलता आणि थेट उभ्या, अरुंद जिन्यावर येता. ओव्हरकोट सावरत खाली उतरा. व्हिलेज व्हॅनगार्ड हा जॅझ क्लब १९३५पासून याच तळघरात आहे. जेमतेम १२३ माणसं मावतात. खोली पाचरीसारखी निमुळती होत जाते आणि टोकाला बुटकं स्टेज. आज तिथे बास नाही, ड्रम्स नाहीत. नुसता पियानो.

भिंतीलगतच्या बाकावर अंग चोरून बसा. पियानोवादक बिल एव्हान्सच्या ट्रायोचं इथलं, २५ जून १९६१चं ध्वनिमुद्रण तुम्ही ऐकलं असेल, तर त्यातली ग्लासांची किणकिण ओळखीची असेल. ती आता तुमच्या शेजारच्या टेबलावर होते आहे.

स्वयंपाकघरातून एक सडपातळ माणूस बाहेर येतो. तिथे स्वयंपाक होत नाही, कलाकार बसतात. हा फ्रेड हर्श, वय ५५. संपूर्ण आठवडा एकट्याने वाजवण्याचा मान या क्लबने त्याच्याआधी कुठल्याच पियानोवादकाला दिला नव्हता. आज त्याच्या अशा दुसऱ्या आठवड्याची शेवटची बैठक. एचआयव्हीसह कित्येक वर्षं जगत आलेला हा माणूस २००८मध्ये न्यूमोनियाने सुमारे दोन महिने कोमात होता. शुद्धीवर आला तेव्हा चालता येत नव्हतं, गिळता येत नव्हतं. हातही पुन्हा तयार करावे लागले.

पण तो वाजवू लागल्यावर दुखणं मनात घोळवत बसू नका. त्याचा डावा हात ऐका.

ट्रायोत डाव्या हाताला बासवादकाची सोबत असते, ठेका ड्रमर सांभाळतो. एकटं बसल्यावर ती पोकळी सुरांच्या माऱ्याने भरून काढायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. हर्श ती मोकळी ठेवतो. ‘इन द वी स्मॉल अवर्स ऑफ द मॉर्निंग’ संथ उलगडताना दोन्ही हात आपापली धून गातात. मधला एखादा आवाज अंगठ्याखालून उगवतो, थोडा वेळ पुढे येतो, मागे सरतो. ठेका कुणीच देत नाही, तरी तुमच्या पावलाला तो कळतो. एकल वादनातली सगळ्यात अवघड गोष्ट मला हीच वाटते: जे वाजत नाही तेही ऐकणाऱ्याच्या मनात चालू ठेवणं.

‘पास्टोराल’ त्याने संगीतकार रॉबर्ट शूमनला वाहिलेली स्वतःची रचना. तिच्या पाठोपाठ ब्राझीलच्या जेकब दो बांदोलिमची ‘दोसे दे कोको’ येते. मँडोलिनवादकाची ही चाल पियानोवर इतकी हलकी बागडते की खोलीभर चेहरे खुलतात.

मग पियानोवादक थेलोनियस मंकची ‘वर्क’. तिरकी, अडखळत चालणारी, मध्येच दचकवणारी. १९४८मध्ये मंकला फारसं कुणी विचारत नव्हतं, तेव्हा लॉरेन नावाच्या तरुणीने क्लबचे मालक मॅक्स गॉर्डन यांच्या मागे लागून त्याला इथे वाजवायला लावलं. लोक फिरकले नाहीत. पुढे तिने मॅक्सशी लग्न केलं, आणि त्यांच्या पश्चात आज, ८८व्या वर्षी, क्लब तीच चालवते आहे. मंकच्या धुनीवर आता सगळ्यांच्या माना हलताहेत, त्यात लॉरेनच्या हट्टाचाही वाटा आहे.

टाळ्या थांबत नाहीत. हर्श पुन्हा बसतो आणि ‘डॉक्सी’ उचलतो. सोळा मात्रांच्या नव्हे, सोळा बारच्या चौकटीतली ही चाल सनी रोलिन्सने रचली. १९५७मध्ये याच स्टेजवर त्याची सॅक्सोफोनची बैठक ध्वनिमुद्रित झाली, आणि तीही पियानोवादकाशिवाय! आज पियानो एकटाच त्याची धून घेऊन बसला आहे. डावा हात रमतगमत चालतो, उजवा ब्लूजचे सूर घासूनपुसून पुढे ठेवतो, बारपाशी कुणीतरी ‘येस!’ म्हणून ओरडतं आणि हर्श आणखी एक आवर्तन घेतो.