तिसाचा फरक

दिवाळीत जळगावच्या सराफ बाजारात गेलो की माझे लक्ष दागिन्यांपेक्षा तराजूकडे असते. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हा हिशेब आजोबांनी मला तिथेच शिकवला. गुंजेहून कितीतरी सूक्ष्म फरकाने माणसाचे आयुष्य बदलते, हे मात्र फार उशिरा कळले.

तरुणपणी मी धुळे जिल्ह्यात, शिरपूरजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी मास्तर होतो. वर्गात एक पावरा मुलगा होता. थंडी-पावसात सांधे दुखतात म्हणून तो पडवीत बसून राही. मी त्याला कामचुकार ठरवले.

त्या दुखण्याचे नाव सिकलसेल. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. हा हिमोग्लोबिनच्या रेणूचाच दोष, असे लायनस पॉलिंग यांनी १९४९ साली दाखवले. १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला. पुढे केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी प्रथिनाचे तुकडे करून १९५७ पर्यंत नेमका दोष शोधला : १४६ दुव्यांच्या साखळीतला सहावा दुवा तेवढा बदललेला!

पण तुकडे न करता अखंड प्रथिन तोलायचे कसे? तापवावे तर ते मोडते. १९८०च्या दशकात जपानच्या कोइची तानाका यांनी लेसरचा, तर अमेरिकेच्या जॉन फेन यांनी विद्युतभारित फवाऱ्याचा मार्ग काढला. फवाऱ्यातले थेंब वाळतात, भारित रेणू निर्वातात धावतात आणि भाराच्या प्रमाणात त्यांचे वजन कळते. २००२ साली दोघेही नोबेलचे मानकरी झाले. हायड्रोजनचा अणू सुमारे एक धरला, तर निरोगी साखळी भरते १५,८६७, सिकलची १५,८३७. फरक अवघा तिसाचा! मधुमेह्याच्या साखळीला साखर चिकटली, तर तीच १६२ने जड होते.

वाहकाच्या रक्तात दोन्ही वजने शेजारी-शेजारी दिसतात. तो स्वतः बहुधा ठणठणीत असतो. पण आई-बाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक खेपेला मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. खेड्यात एवढे मोठे यंत्र लागत नाही. साध्या रक्ततपासणीने संशय येतो आणि पुढच्या तपासणीत खात्री होते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाचा भर अशाच तपासणीवर आहे.

सराफाचा काटा हलला की आजही मला तो पडवीतला मुलगा आठवतो. त्याची क्षमा मागायची राहून गेली. वाचकहो, दिवाळी सरली की तुळशीचे लग्न आणि मग घरोघरची लग्ने. पत्रिका जुळवताना रक्ताची चिठ्ठीही शेजारी ठेवा, एवढेच मागणे.