‘जरा’ शब्दाचे वजन

प्रसंग एप्रिल १९५१चा. कोरियात इमजिन नदीकाठी ब्रिटनची ग्लॉस्टरशायर पलटण चिनी फौजांनी वेढली होती. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी वरिष्ठ अमेरिकन जनरलला कळवले : परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’ आहे. ब्रिटिश कानाला हा आकांत होता. अमेरिकन कानाने मात्र त्याचा अर्थ ‘थोडी अडचण आहे, निभावेल’ असा घेतला, असे सांगतात. पलटण वेळेत मागे घेतली गेली नाही. कित्येक जवान पडले, पाचशेच्या आसपास कैद झाले. निसटले ते जेमतेम ४०.

ही हकिकत वाचली की मला आपली वडीलधारी माणसे आठवतात. ‘जरा बरं नाही’ म्हणतात, तेव्हा अंग तापाने फणफणलेले असते. आपण कपाळाला हात लावून पाहतो. तारेपलीकडच्या जनरलला ती सोय नव्हती.