मोटारीचा वेग आणि कारागिराचा हात

कल्याण स्थानक मागे टाकून लोहमार्ग कर्जतच्या बाजूस वळला म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके ओळीने लागतात. अंबरनाथ म्हटले की सुशिक्षित माणसास इ. स. १०६० चे शिलाहारकालीन शिवालय आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच गावच्या बुवापाड्यासारख्या वस्त्यांतून निराळ्या प्रकारचे शिल्पी राहतात. त्यांच्या हाती छिन्नीऐवजी लेथ असतो आणि दगडाऐवजी लोखंड. मोटार जशी कारखान्यातून आली तशी न ठेवता तिला अधिक वेगवान, अधिक देखणी करून घेण्याचा जो छंद आज तरुण मंडळींत बोकाळलेला दिसतो, त्याचा इतिहास सांगावयाचा तर अशा कारागिरांना वगळून चालणार नाही. श्रीमंतांचा छंद म्हणून त्याची संभावना करणारे लोक त्याची निम्मीच हकीकत जाणतात.

आरंभ मात्र श्रीमंतांपासूनच झाला हे खरे. मुंबईच्या रस्त्यांवर मोटार अवतरली ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९०४ च्या डिसेंबरात, दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींच्या कसोटीचा एक मोठा प्रवास झाला. त्यात शर्यतीपेक्षा परीक्षाच अधिक होती, कारण कोणते यंत्र वाटेत मोडत नाही हेच त्या काळी पाहावयाचे होते. १९१९ साली मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली आणि मोटारवाल्यांस आपली म्हणावी अशी संस्था मिळाली.

पुढच्या दशकातील एक गोष्ट मोठी मौजेची आहे. जे. आर. डी. टाटा ह्यांजवळ तरुणपणी बुगाटी नावाची फ्रेंच मोटार होती. ती मुळातच शर्यतीच्या बांधणीची होती. ती भरधाव हाकल्याच्या आरोपावरून त्यांस वकील गाठावा लागला. हे वकील जॅक विकाजी होत. त्यांच्याच पुतणीशी, थेली विकाजी ह्यांच्याशी, १९३० साली टाटांचा विवाह झाला. सार्वजनिक रस्त्यावरील वेगाचे सगळेच खटले असे गोड शेवटाचे नसतात, हे पुढे दिसेलच.

संस्थानिकांचा शौक निराळा होता. त्यांस वेगापेक्षा थाट हवा असे. कोल्हापूरच्या छत्रपतींची भगव्या रंगाची मेबाख मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात ज्यांनी पाहिली आहे, त्यांस मोटारीची मिरवणूक म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. आजच्या मोटारप्रदर्शनांचे एक मूळ ह्या राजेशाही थाटात आहे.

दुसरे मूळ युद्धात सापडते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी वसली होती. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांस आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. छावण्या उठल्या तरी लष्कराच्या जीपा देशात राहिल्या. लिलावात निघालेली जीप घ्यावी, तिचे छप्पर काढावे, चाके रुंद करावी, असा उद्योग गावोगाव सुरू झाला. पंजाबच्या सीमेवरील मंडी डबवाली हे गाव तर अशा जीपांबद्दल आजही प्रसिद्ध आहे. मुंबईत महिंद्र कंपनीने १९४९ साली माझगावात विलिस जीपांची जुळणी आरंभिली.

तथापि ह्या छंदास जे खरे वळण लागले ते टंचाईमुळे. स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींची आयात जवळजवळ बंद झाली. हिंदुस्थान, प्रीमियर व स्टँडर्ड ह्या तीन कारखान्यांच्या मोटारींतून निवड करावयाची, आणि तीही कित्येक वर्षे नाव नोंदवून. ह्यांपैकी प्रीमियर ऑटोमोबाइल्स हा वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली काढलेला कारखाना. त्यातून कुर्ल्यास फियाट मोटारी तयार होऊ लागल्या. १९७४ पासून ह्याच मोटारीस प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले. तिच्या एंजिनाची क्षमता १०८९ घनसेंटिमीटर. तेवढ्यात कुटुंबाचा संसार सुखाने चाले, परंतु शर्यतीस ती शक्ती अपुरी पडे.

ही अपुरी शक्ती वाढवावयाची कशी? येथे कारागिराची बुद्धी कामास येते. एंजिनाचे हेड थोडे घासून घेतले म्हणजे दट्ट्याच्या वर उरणारी पोकळी लहान होते, पेट्रोल व हवा ह्यांचे मिश्रण अधिक दाबले जाते आणि त्याच थेंबातून अधिक जोर निघतो. मिश्रण आत अधिक यावे म्हणून कार्बोरेटर मोठा किंवा जोडीने बसवावयाचा. जळलेला धूर अडकून राहू नये म्हणून सायलेन्सरची नळी रुंद व सरळ करावयाची. स्प्रिंगा आखूड केल्या की मोटार जमिनीलगत बसते आणि वळणावर कमी कलंडते. परंतु ह्यांतील प्रत्येक गोष्टीची किंमत मोजावी लागते. दाब फार वाढविला तर हलक्या प्रतीचे पेट्रोल ठिणगी पडण्यापूर्वीच पेट घेते, एंजिन ठोके देऊ लागते आणि अखेर दट्ट्यास भोक पडते. किती घासावे आणि कोठे थांबावे, हे शिक्षण पुस्तकातून मिळत नसे. ते गुरूच्या हाताखालीच मिळे. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेले कित्येक फिटर नुसत्या आवाजावरून एंजिनाचे दुखणे ओळखीत, आणि पदवीधर मालक हात बांधून शेजारी उभे राहत.

अशा मोटारी पळवावयाच्या कोठे, हा प्रश्न मग उभा राहिला. इंग्लंडात १९०३ च्या कायद्याने रस्त्यावर ताशी वीस मैलांची मर्यादा घातली, तेव्हा तेथील हौशी मंडळींनी १९०७ साली ब्रुकलंड्स येथे स्वतंत्र मार्गच बांधून घेतला. आपल्याकडे मद्रासकरांनी शहाणपणा दाखविला. शोलावरमची युद्धकालीन धावपट्टी त्यांनी शर्यतींस वापरली आणि तेथे साध्या घरगुती फियाट व अँबॅसडर कारागिरांच्या कृपेने परदेशी गाड्यांच्या पंक्तीस बसल्या. कोइमतूरच्या करिवर्धन ह्यांनी तर येथील सुटे भाग घेऊन शर्यतीच्या मोटारी स्वतः घडविल्या. १९९५ साली विमान-अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचा शर्यतमार्ग तेथे आहे. मुंबईच्या नझीर हुसेन ह्यांनी १९८० साली हिमालयीन रॅली सुरू करून वेगाची हौस डोंगरवाटांवर नेली. महाराष्ट्रात कोल्हापुरास मोहित्यांचा लहानसा मार्ग आहे, लोणावळ्यापलीकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती झाल्या आहेत. परंतु तमिळनाडूच्या तोडीचा मार्ग ह्या एवढ्या संपन्न प्रांतास उभारता आला नाही, ही खेदाची गोष्ट होय.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि युग पालटले. पुढल्या दशकात आयातीची दारे किलकिली झाली. आपल्या ह्याच पट्ट्यात, कल्याणच्या कारखान्यात, प्रीमियरने फ्रेंच कंपनीच्या भागीदारीत प्यूजो ३०९ काढली, पण तो संसार फार वर्षे टिकला नाही. कुर्ल्यातून २००१ साली फियाटची पालिओ निघाली. तिच्या १.६ लिटर एंजिनाची शक्ती शंभर अश्वांची असल्याने ती हौशी मंडळींच्या गळ्यातील ताईत झाली. पुढल्याच वर्षी तिची एक आवृत्ती सचिन तेंडुलकर ह्यांच्या नावाने काढण्यात आली. मोटारीचा बाह्य साज पालटण्याची कला दिलीप छाब्रिया ह्यांनी १९९३ पासून धंद्याच्या पायरीवर नेली. २००४ च्या ‘टार्झन’ ह्या चित्रपटातील मोटार त्यांचीच करणी, आणि २०१२ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात त्यांनी अवंती नावाची स्वतःची वेगवान मोटार मांडली. आता एंजिनाचा कारभार संगणक पाहतो, त्यामुळे हेड घासणाऱ्या हाताऐवजी आकड्यांचे कोष्टक बदलणारा तंत्रज्ञ आला आहे. आवाजावरून रोग ओळखणारे कान मात्र त्यास क्वचितच लाभलेले असतात.

कायद्याची दृष्टी ह्या सर्वांवर पूर्वीपासून वक्रच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम २००० साली कडक झाले. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकास करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. गॅसचे संच बसविण्यासारख्या बदलांस नियमाने वाट ठेवली आहे. ह्या कडकपणाची हौशी मंडळी कुरकुर करतात, आणि ती अगदीच अस्थानी नाही. काळजीपूर्वक बसविलेला उत्तम ब्रेक आणि मध्यरात्री गल्ली जागविणारा फुटका सायलेन्सर ह्यांस एकाच काठीने हाकणे न्यायाचे नव्हे. परंतु १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे एका भरधाव पॉर्शे मोटारीखाली दुचाकीवरील दोघे तरुण अभियंते ठार झाले. तीत कारागिराने काही फेरफार केल्याचा प्रश्नच नव्हता. कारखान्यातूनच तेवढा वेग घेऊन आलेली ती मोटार होती, आणि हाकणारा अल्पवयीन असल्याचे पोलिसांनी सांगितले. कलमांचा रोख सुट्या भागांवर राहिला आणि रस्त्यावरचा वेग मोकाट सुटला, असे त्या पहाटे अनेकांस वाटले असल्यास नवल नाही.

इकडे पद्मिनीचे दिवस सरले. तिची शेवटची टॅक्सी मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, काळ्यापिवळ्या टॅक्सींतून ती दिसेनाशी झाली. खाजगी मालकांजवळ मात्र जुन्या फियाट अजून आहेत, आणि मोटारींच्या मेळाव्यांत त्यांच्याभोवती नव्या परदेशी गाड्यांहून कमी गर्दी नसते. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील मोटारींस ‘व्हीए’ अक्षरांचा निराळा क्रमांक देऊ केला आहे. अशी मोटार रोजच्या वापरास नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली किंवा तांत्रिक संशोधन एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. अट एवढीच की चौकट, सांगाडा आणि एंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा. ह्या अटीस उतरते ती एखाद्या सावध गृहस्थाने चाळीतल्या पत्र्याच्या शेडखाली जपलेली फियाट. शोलावरमला पहिली आलेली, कारागिराने रात्र रात्र जागून घडविलेली फियाट ह्या मानास अपात्र ठरते.