पॅरिसच्या भिंती आणि छायाचित्रकार



शहराचा इतिहास दप्तरांत सांपडतो, तसा तो भिंतींवरहि सांपडतो. मात्र दप्तर जपलें जातें आणि भिंत पाडली जाते. पाडलेल्या भिंतींचें मागें काय उरतें, हें आज पॅरिसच्या उदाहरणावरून पाहूं.

१८५३ सालीं ओस्मान हा तेथील मुख्य प्रशासक झाला. सम्राट् तिसऱ्या नेपोलियनच्या आज्ञेनें त्यानें दाट वस्त्यांतून रुंद, सरळ रस्ते काढले. जुने बोळ नाहींसे होण्यापूर्वीं त्यांचीं छायाचित्रें घेण्याचें काम शार्ल मार्व्हिल याजकडे आलें. त्याच्या सुमारें ४२५ छायाचित्रांत फरसबंदीचे दगड नि दुकानांच्या पाट्या स्पष्ट दिसतात; माणसें क्वचितच. त्या काळीं काचेवर प्रतिमा उमटण्यास कांहीं सेकंद लागत आणि चालणारा मनुष्य तेवढ्यांत पुसला जाई. ज्यांचीं घरें जाणार होतीं, तेच बहुधा चित्रांत आले नाहींत.

पुढें यूजेन आत्झे यानें जुनीं अंगणें, दरवाजे आणि फेरीवालेहि टिपले. १९२० सालीं आपल्या छायाचित्रांच्या २,६०० हून अधिक मूळ काचा त्यानें फ्रेंच सरकारला विकल्या.

परंतु खुद्द रहिवाशांच्या हातची खूण शोधली ती ब्रासाय यानें. ट्रान्सिल्व्हानियांतील ब्रासो हें त्याचें जन्मगांव; त्यावरूनच त्यानें हें नांव घेतलें. भिंतींवर कोणीं तरी कोरलेले चेहरे, हृदयाच्या आकृति, कवट्या यांचीं तो छायाचित्रें घेऊं लागला. डोळ्यांसाठीं दोन भोकें पाडलीं कीं चेहरा तयार! १९३३ सालीं त्यांतील कांहीं ‘मिनोतॉर’ नियतकालिकांत छापलीं गेलीं. १९५६ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत त्यांचें प्रदर्शन भरलें. भिंतीचा पत्ता तो वहींत टिपून ठेवी आणि वर्षांनंतर तेथें परत जाई. त्यामुळें एकच रेघ कशी झिजली, कीं रंगाखालीं गेली, हें ताडून पाहतां येई.

कोरणाऱ्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. तरीहि मार्व्हिलच्या ओसाड बोळांत जो मनुष्य दिसत नाहीं, तो येथें आपल्या हातच्या रेघेनें भेटतो.

आज भिंती रंगविणारे पुष्कळ आणि त्यांचीं छायाचित्रें घेणारे त्याहून अधिक. त्यांनीं ब्रासायची वही विसरूं नये. स्थळ आणि तारीख नसलेलें चित्र डोळ्यांस सुखवील. पण भिंत पडल्यावर साक्ष देण्यास तें अपुरें पडेल.